शड्डूच्या गावात किआई

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात कराटे शिकणाऱ्या दुसरी-तिसरीतल्या कुठल्याही पोराला एक ते दहा जपानीत म्हणायला सांगा. एका दमात ऐकवेल: इच, नी, सान, शी, गो, रोक, शिच, हाच, कू, जू. पुस्तकात हे इचि, रोकु, शिचि, हाचि असं लिहिलेलं असतं. मग आपली पोरं शेवटचा स्वर गिळतात का? गिळतात, पण जपानी माणूसही बोलण्याच्या ओघात तो ‘इ’ आणि ‘उ’ बऱ्याचदा नुसता कुजबुजतो. म्हणजे तलावाच्या बांधाकडं फिरायला निघालेल्यांच्या कानावर पडणारी ही मोजणी टोकियोतल्या एखाद्या वर्गात फारशी परकी वाटणार नाही.

नव्या बॅचला चारवर हमखास हसू फुटतं. ‘शी’! त्यात दोन म्हणजे ‘नी’, तीन म्हणजे ‘सान’, पाच म्हणजे ‘गो’, त्यामुळं मालवणकडचा एखादा पाहुणा आला तर त्याला वाटावं कुणी कुणाला हाक मारतंय. गंमत अशी की चारच्या ‘शी’ला जपानी लोकही दचकतात, कारण मृत्यूलाही त्यांच्याकडं ‘शी’च म्हणतात. म्हणून रोजच्या व्यवहारात ते चारला ‘योन’ म्हणणं पसंत करतात, आणि तिथल्या कित्येक दवाखान्यांत 4 नंबरची खोलीच नसते. सातचा ‘शिचि’ आणि एकचा ‘इचि’ ऐकताना गोंधळ होतो, म्हणून सातला ‘नाना’. आपल्याकडं नाना म्हणजे घरातली वडीलधारी व्यक्ती! कराटेच्या मोजणीत मात्र जुने ‘शी’ आणि ‘शिचि’ टिकून आहेत.

परक्या शब्दांत घाम गाळणं कोल्हापूरला नवं नाही

“आपल्या पोरांना जपानी कशाला? मराठीत शिकवा की,” असं म्हणणारे पालक भेटतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळंब्यापासून काही किलोमीटरवर, शहरातल्या तालमींत सापडतं.

‘तालीम’ हा शब्द अरबी, अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसी उस्ताद. ‘पैलवान’ फारसी, ‘कुस्ती’ फारसी, आपण मारतो ते ‘जोर’ही फारसी. लाल मातीचा ‘हौद’ अरबीतून आलेला. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत किंवा शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात हे शब्द कुणाला परके वाटत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर घाम गळला आणि ते आपले झाले. सोबत ढाक, मोळी, कलाजंग, धोबीपछाड अशी इथली डावांची नावं वाढली. अंगाची विद्या जिथून येते तिथले काही शब्द बरोबर आणते, काही इथं नवे मिळवते. त्यामुळं ‘दोजो’ आणि ‘काता’ ऐकून कोल्हापूरनं नाक मुरडायचं कारण नाही.

शिवाय कोल्हापूरची कुस्ती आणि जपानची मार्शल आर्ट यांची गाठ एकदा फार मोठ्या मैदानावर पडलेली आहे. साल 1952, हेलसिंकी ऑलिंपिक. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव फ्रीस्टाइल बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले होते. हा भाग कोल्हापूरकराला सांगावा लागत नाही. पण त्याच गटाचं सुवर्ण कुणी नेलं? जपानच्या शोहाची इशी यांनी. आणि इशी मूळचे कुस्तीचे नव्हेतच, ते ज्युदोचे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तराष्ट्रांच्या अमलात जपानमध्ये ज्युदोसारख्या विद्यांवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडं वळले. त्या ऑलिंपिकमध्ये अख्ख्या जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण.

‘त्सुकी’ आणि ‘चूक’

आता मराठी माणसाच्या फायद्याची गोष्ट. ठोसा म्हणजे ‘त्सुकी’. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ इथं अडते. त्सुनामीचं ते ‘सुनामी’ करून टाकतात. आपल्याला मात्र हा उच्चार आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. ‘चहा’तला च आणि ‘चाक’, ‘चोर’, ‘चूक’ यांतला च एकापाठोपाठ म्हणून बघा. दुसरा च म्हणजेच जवळजवळ जपानी ‘त्स’. लिहिताना आपण वेगळं चिन्ह वापरत नाही म्हणून ते लक्षात येत नाही. पोरानं कागदावर ‘त्सुकी’ वाचून जीभ वळवायचा आटापिटा करू नये. ‘चूक’ म्हणावं आणि पुढं ‘ई’ लावावी.

बरं, एकटा ठोसा ‘त्सुकी’, पण पुढं पाऊल टाकत मारला की ‘ओइ-ज़ुकी’, उलट्या हाताचा असेल तर ‘ग्याकु-ज़ुकी’. हा ज ‘जोर’मधला, ‘जय’मधला नव्हे. लाथ म्हणजे ‘केरी’, पण समोरची लाथ ‘माए-गेरी’. उभं राहण्याची ढब म्हणजे ‘ताची’, पण घोडेस्वाराची ढब ‘किबा-दाची’. झाडून काढण्यासारखा हात म्हणजे ‘हाराई’, आणि खालच्या पट्टीत तोच ‘गेदान-बाराई’. पोरांना वाटतं चार वेगळे शब्द पाठ करायचेत. प्रत्यक्षात नियम एकच: दोन शब्द जोडले की बऱ्याचदा दुसऱ्याचा कठोर वर्ण मृदू होतो. क चा ग, त चा द, ह चा ब. जपानीत याला ‘रेंदाकु’ म्हणतात. आठवीतल्या संस्कृतच्या तासाला वाक् आणि ईश जोडून ‘वागीश’, दिक् आणि गज जोडून ‘दिग्गज’ केलं असेल, तर क चा ग होताना आपण आधीच पाहिलेला आहे. फरक इतकाच की आपल्या संधीत पहिल्या शब्दाचं शेपूट बदलतं आणि जपानीत दुसऱ्याचं तोंड. संस्कृतचे आणि कराटेचे सर एकाच शाळेत असतील तर त्यांनी एक तास मिळून घ्यावा.

हे शब्द एकदा इथूनच गेले होते

या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग हा.

‘दोजो’ म्हणजे सरावाची जागा, हे पहिल्या दिवशी सांगतात. पण कराटेच्या कितीतरी शतकं आधी हा शब्द बौद्ध विहारांत वापरला जात होता, आणि तिथं तो संस्कृत ‘बोधिमंड’ या शब्दासाठी आला होता. बोधिमंड म्हणजे गौतमाला जिथं बोध झाला ती जागा, बोधगयेतल्या पिंपळाखालची. चीनमध्ये त्या शब्दाचं भाषांतर झालं, भाषांतर जपानला पोहोचलं, आणि पुढं तलवार, ज्युदो, कराटे यांच्या सरावाच्या जागेनं तेच नाव घेतलं. एखाद्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या पटांगणात पोरं वाकून ‘रेई’ करतात तेव्हा त्या जागेच्या नावात बोधगया असते.

‘झेन’ तर बहुतेकांना माहीत असतो: ध्यान, त्याचं चिनी ‘चान’, त्याचं जपानी ‘झेन’. वर्ग संपताना गुडघ्यांवर बसून डोळे मिटायची ‘मोकुसो’ त्याच वळणाची. (‘झेनकुत्सु-दाची’तला झेन मात्र वेगळा. तो साधा ‘पुढचा’ या अर्थाचा. वजन पुढच्या पायावर, म्हणून झेनकुत्सु.)

याहून मोठं आश्चर्य जपानी मुळाक्षरांत आहे. त्यांचा क्रम ऐका. स्वर: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कुठं ऐकल्यासारखं वाटतं? आधी कंठातला क, मग त, न, म, आणि शेवटी य-र-व. हा आपल्या वर्णमालेचाच सांगाडा. बौद्ध ग्रंथांसाठी सिद्धम् लिपी आणि संस्कृत उच्चार शिकणाऱ्या जपानी भिक्षूंनी तो तिकडं नेला. च-वर्गाच्या जागी स कसा बसला? अभ्यासक सांगतात की जुन्या जपानीत त्या स चा उच्चार च़-त्स कडं झुकलेला होता. पहिलीत ‘क ख ग घ’ घोकणारं कळंब्याचं पोरगं जपानी शब्दकोशाचा क्रम अर्धा शिकून बसलेलं असतं, आणि हे त्याला कुणी सांगत नाही!

ऐकायला तेच, लिहायला दुसरं

‘कराटे’ म्हणजे रिकामा हात. बरोबर. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. ओकिनावा बेटावर ही विद्या ज्या चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थ होता ‘चिनी हात’. त्यातलं पहिलं चिन्ह चीनच्या तांग घराण्याचं. ‘कारा’ हाच उच्चार ‘रिकामा’ या चिन्हाचाही. ओकिनावी कराटेगुरू हानाशिरो चोमो यांनी 1905 मध्ये ‘रिकामा हात’ असं लिहून दाखवलं, आणि 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहा शहरात जमलेल्या जाणत्या गुरूंच्या बैठकीत नवं लेखन मान्य झालं. जपानचं चीनशी वैर वाढत चाललं होतं, तो काळच तसा. 2005 पासून ओकिनावात 25 ऑक्टोबर हा कराटे दिन म्हणून पाळतात.

ही विद्या टोकियोत रुजवणारे फुनाकोशी गिचिन (1868–1957) पेशानं शाळामास्तर होते. 1922 मध्ये ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथलेच झाले. मुख्य भूमीवरच्या लोकांना ओकिनावी नावं कळेनात म्हणून त्यांनी कातांचं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांचं, नवं बारसं केलं: ‘पिनान’चं ‘हेइआन’, ‘नाइहांची’चं ‘तेक्की’, ‘चिंतो’चं ‘गांकाकु’, म्हणजे खडकावरचा करकोचा. कुशांकु हे तर एका चिनी दूताचं नाव होतं. त्याचं झालं ‘कांकु’, आकाशाकडं पाहणं. आज शोतोकान शैली शिकणारा आणि शितो-र्यू शिकणारा एकमेकांना कातांची नावं वेगळी सांगतात ती यामुळं. ‘शोतो’ हे फुनाकोशींचं टोपणनाव, कविता लिहिताना घेतलेलं. अर्थ पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटा.

मला यात एक गोष्ट खुपते. जिथं हे सगळं जन्मलं त्या ओकिनावाची भाषा वेगळी आहे, आणि एके काळी तिथल्या शाळांत मूल आपल्या भाषेत बोललं की शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात पाटी अडकवत. आज ती भाषा युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत आहे. ‘कराटेची अस्सल भाषा जपानी’ असं म्हणताना त्या पाटीची आठवण ठेवावी. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकात पुरुषांच्या काताचं सुवर्ण र्यो कियुना यांनी जिंकलं, ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा पहिला ओकिनावी माणूस, तेव्हा त्या बेटाला केवढा आनंद झाला असेल!

108

गोजू-र्यू शैलीतल्या सर्वांत वरच्या काताचं नाव ‘सुपारिंपेई’. चिनी बोलीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ फक्त एक आकडा: 108. जपमाळेचे मणी 108, आणि जपानमध्ये वर्ष सरताना देवळांतली घंटा वाजते तीही 108 वेळा. इतर काही कातांची नावंही आकडेच. ‘सेइसान’ 13, ‘सेइपाई’ 18, ‘निजुशिहो’ म्हणजे 24 पावलं, ‘गोजुशिहो’ 54 पावलं. 54 दुणे 108, हे गणित पोरं स्वतःच लावतात.

झटपट काही

‘किआई’ म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. तिची दोन चिन्हं उलटी लिहिली की ‘आइकि’ होतं, आइकिदोतलं.

डोक्याच्या उंचीवरचा वार ‘जोदान’. जपानीत थट्टेलाही ‘जोदान’च म्हणतात. चिन्हं वेगळी, उच्चार एक.

‘बुंकाई’ म्हणजे काता सुटी करून प्रत्येक हालचालीचा उपयोग समजून घेणं. यंत्र खोलून भाग सुटे करण्यालाही जपानीत हाच शब्द आहे, त्यामुळं उद्यमनगरात इंजिन उतरवणाऱ्या मिस्त्रीला तो लगेच कळेल.

‘एनपी’ काता म्हणजे उडती भिंगरी, तळ्यावर गोते मारणारा तो चपळ पक्षी. आणि ‘एनपी’ म्हणजे कोपराचा वारही. तिथं चिन्हं ‘वानराचा हात’ अशी. एका पायावर उभं राहायची ढब ‘सागी-आशी-दाची’: बगळ्याचा पाय. कळंबा तलावाच्या काठी नमुना बघायला मिळतो.

‘नुंचाकु’चं आपल्याकडं ‘नानचाकू’ झालं. त्यात चाकू कुठंच नाही, दोन दांडकी आणि मधे दोरी किंवा साखळी.

पट्टा, दान आणि ‘सेन्सेई’

‘क्यू’, म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या, उतरत्या क्रमानं मोजतात: दहावा, नववा, आठवा… पहिला. मग काळा पट्टा आणि चढत्या क्रमाचे ‘दान’. ‘दान’ची ही पद्धत आली ‘गो’ या पटावरच्या खेळातून. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी 1883 मध्ये ती आपल्या शिष्यांना लावली, आणि कराटेतले पहिले काळे पट्टे फुनाकोशींनी एप्रिल 1924 मध्ये सात जणांना दिले. पांढरा पोशाख, पट्टा, दान, सगळं ज्युदोकडून आलेलं. पिवळा-नारिंगी-हिरवा ही रंगांची रांग तर युरोपातल्या ज्युदो वर्गांत वाढली. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांचं नाव त्यासाठी घेतात. पहिल्या दानला ‘इचि-दान’ म्हणत नाहीत, ‘शो-दान’ म्हणतात, आणि ‘शो’ म्हणजे आरंभ. बेल्ट परीक्षेनंतर फोटो काढताना हे पोराला सांगावं. इतक्या मेहनतीनंतर आता कुठं सुरुवात झाली हे त्याला त्या वयातही कळतं.

‘सेन्सेई’ची अक्षरं सांगतात ‘आधी जन्मलेला’. जपानमध्ये डॉक्टर, वकील, लेखक यांनाही सेन्सेई म्हणतात. फक्त स्वतःची ओळख करून देताना कुणी स्वतःला सेन्सेई म्हणत नाही; ती पदवी समोरच्यानं द्यायची. आपल्याकडं ‘वस्ताद’चंही तसंच. म्हणून पोस्टरवर स्वतःच्या नावाआधी ते छापणं मला खटकतं, सर कितीही चांगले असोत.

वर्गाच्या शेवटी काही ठिकाणी ‘दोजो-कुन’ म्हणतात, पाच नियमांची प्रतिज्ञा. गंमत म्हणजे पाचही ओळी ‘हितोत्सु’नं सुरू होतात, म्हणजे ‘एक’. दोन, तीन, चार येतच नाहीत. पाचही नियम पहिल्या नंबरचे. हे कळल्यावर पोरं पाचवी ओळही पहिलीइतक्याच जोरात म्हणतात.

गॅलरीत बसलेल्या आई-बाबांसाठी

स्पर्धेत पंच ओरडतात ते थोडक्यात. ‘हाजिमे’ सुरू, ‘यामे’ थांबा. ‘आका’ लाल, ‘आओ’ निळा, आणि ‘आओ’ ऐकून पंच पोराला बोलावतायत असं समजू नका. पूर्वी निळ्याच्या जागी पांढरा होता, ‘शिरो’. काही संघटनांत अजून आहे. ‘युको’ 1 गुण, साधारणपणे ठोशाचा. ‘वाज़ा-आरी’ 2, पोटाच्या उंचीवरच्या लाथेचे. ‘इप्पोन’ 3, डोक्याच्या उंचीवरच्या लाथेचे. ज्युदोत ‘इप्पोन’ मिळाला की लढत तिथंच संपते, कराटेत पुढं चालू राहते. ‘जोगाई’ म्हणजे मॅटबाहेर पाऊल. ‘सेन्शु’ म्हणजे बिनविरोध पहिला गुण घेणाऱ्याचा फायदा. गुण बरोबरीत सुटले तर तोच जिंकतो, म्हणून पहिल्या ठोशाला एवढी किंमत.

या पंचांसमोर कळंब्याची पोरगी आणि कझाकस्तानची पोरगी एकाच शब्दावर थांबतात, एकाच शब्दावर सुटतात. जपानी शब्द ठेवण्याचं माझ्या लेखी हे सगळ्यांत भक्कम कारण. आणि विद्या जिथली शब्द तिथले, ही रीत जपानी लोकही पाळतात: 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचं कांस्य जपानलाही मिळालं, आणि त्यांचे चढाईपटूही दम धरून ‘कबड्डी, कबड्डी’च म्हणत होते.

मात्र नुसती घोकंपट्टी पोराला कशी अडकवते त्याचं एक उदाहरण. ‘उके’चा अर्थ आपण ‘अडवणं’ असा सांगतो. मूळ क्रियापद ‘घेणं, स्वीकारणं’ असं आहे. येणारा वार घ्यायचा आणि वळवायचा. अर्थ कळला की हात ताठ ठेवून आपटणारी पोरं मनगट फिरवायला लागतात. आता ‘सोतो-उके’ आणि ‘उची-उके’ घ्या. सोतो बाहेर, उची आत. शोतोकानमध्ये हात बाहेरून आत आला तर तो सोतो-उके. वादो-र्यूसारख्या शैलीत त्याच हालचालीला उची-उके म्हणतात, कारण तिथं नाव हात कुठून निघाला यावरून पडत नाही, कुठं पोहोचला यावरून पडतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तेव्हा घर बदललं, वर्ग बदलला, रंकाळ्याकडून कळंब्याला आलात, तर बेल्ट परीक्षेच्या आधी नव्या सरांना एवढं विचारून घ्या: तुमच्याकडं सोतो-उके कुठून कुठं जाते?